शंभराचं आख्यान

"शिडी कशाला पाहिजे?" असं म्हणून निशीनं झेंडूचा हार दातांत धरला, दोन पावलं घेतली आणि उडी मारली. एका हातानं रिंगला लटकून दुसऱ्या हातानं हार अडकवला आणि पावलांचा आवाज न करता तो खाली उतरला. तोवर चंदू ठवकर शिडी खांद्यावर घेऊन कोर्टाच्या मध्यापर्यंत पोचला होता.

"आता ही परत नेऊ का बे?"

"न्या न, चंदूभाऊ. पोट कमी होते."

सगळे हसले. निशीही हसला. पंधरा दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

ती १९९७ सालची खंडेनवमी. नागपूरच्या महाल भागात आमचं अरुणोदय क्रीडा मंडळ होतं. मंडळ म्हणजे सिमेंटचं एक बास्केटबॉलचं कोर्ट, कडेला कडुनिंब आणि सामान ठेवायची पत्र्याची खोली. त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बॉल धुऊन रांगेत मांडायचो आणि प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावायचो. शिट्टीला लावायचो, घड्याळाला लावायचो, माझ्या गुणांच्या वहीलाही लावायचो. मी टपाल खात्यात कारकून, उंची पाच फूट तीन इंच. खेळलो कधीच नाही. गुण मात्र चोवीस वर्षं लिहिले.

पूजा झाली की दहांची पाटी निघायची. पत्र्याच्या खोलीत एक काळा फळा होता. त्यावर जगातल्या सर्वांत मोठ्या दहा व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडूंची नावं खडूनं लिहिलेली असत. वर्षभर त्याला कुणी हात लावायचा नाही. फक्त खंडेनवमीला फळा बाहेर आणायचा आणि एकाच नावाची जागा बदलायची. बदल सुचवणाऱ्यानं फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मोकळा बॉल टाकायच्या, रेषेवर उभं राहून, सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं. पटलं तर हात वर. एक हात जरी खाली राहिला तरी नाव जिथल्या तिथं. ही पद्धत आमच्या खापेकर सरांनी सुरू केली होती. ते निवृत्त पीटी मास्तर, आणि मंडळाचे सर्वेसर्वा.

यातले बहुतेक खेळाडू आम्ही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. टीव्हीवर सकाळी अमेरिकेतले सामने लागायला लागून चारदोन वर्षं झाली होती, म्हणून जॉर्डन तेवढा आमच्या पाहण्यातला. बाकीचे माझ्या भाच्यानं तिकडून पाठवलेल्या मासिकांच्या कात्रणांत. ती मी शब्दकोश घेऊन वाचायचो आणि बाकीच्यांना सांगायचो. लहानपणापासून मला कीर्तनाचं वेड. कुठं कीर्तनाची पताका दिसली की सायकल आपोआप तिकडे वळायची. त्यामुळे सांगायचो ते कीर्तनाच्या चालीवरच. आधी पूर्वरंग, म्हणजे विषय मांडायचा आणि प्रश्न उभा करायचा. मग मध्ये नामाचा गजर, बुक्का, हार. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, गोष्ट, जिच्यात त्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ठवकर पेटी घेऊन बसायचा, मी झांज घ्यायचो. म्हणून ग्राउंडवर मला सगळे बुवाजी म्हणत.

हार अडकवून झाल्यावर निशी माझ्याजवळ आला. निशिकांत वैरागडे. बावीस वर्षांचा, सहा फूट पाच इंच. पुढच्या शनिवारी तो मुंबईला जाणार होता. एका मोठ्या कंपनीच्या संघाची निवड चाचणी होती. निवड झाली की नोकरी, आणि आयुष्यभर फक्त खेळायचं. आमच्या ग्राउंडवरून तिथवर पोचलेला तो पहिलाच.

"बुवाजी, आज विल्टवर बोलणार न?"

"हो. सहाव्या जागी सडून राहिलाय बिचारा."

"वर न्या त्याला." तो हातातल्या बॉलवरचं कुंकू पाहत होता. "त्याचेही फ्री थ्रो चुकायचे म्हणतात."

त्यानं 'त्याचेही' म्हटलं. पंधरा दिवसांपूर्वी राज्य स्पर्धेची फायनल आम्ही एका गुणानं हरलो होतो. कशी हरलो ते ग्राउंडवर कुणी बोलत नव्हतं. निशीसमोर तर नाहीच. न बोलण्यानं त्याचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. मला वाटलं, आज देवानंच विषय हातात दिला. आज मी त्याचा काटा काढणार. मी खिशातलं विल्ट चेंबरलेनचं कात्रण काढलं, पुन्हा एकदा वाचलं, शेवटचा परिच्छेद आत दुमडला आणि वहीत ठेवलं.

आधी वाद झाला, तो नेहमीसारखाच.

"जॉर्डन पहिला. त्याच्यावर चर्चाच नको," ठवकर म्हणाला.

"का? तू टीव्हीवर पाहिला म्हणून?" खापेकर सर म्हणाले. "रसेलची अजिंक्यपदं किती? अकरा. खेळाडूनं शेवटी काय करायचं असते? संघ जिंकवायचा असते."

"सर, तुमच्या हिशेबानं मग डबे वाहणाऱ्यालाही दहात घ्या. तोही संघातच होता न."

"चंदू, पेटी वाजव तू. तोंड नको वाजवू."

मी म्हटलं, "सर, एका सामन्यात एकट्यानं शंभर गुण. आजवर दुसऱ्या कुणाला जमले?"

"बुवा, ते शंभर आम्हाला तोंडपाठ झाले. पण फ्री थ्रो? समोर कुणी नाही, अडवायला कुणी नाही, आणि अर्धे बाहेर. अर्धे. शेवटच्या मिनिटाला असा माणूस मी कोर्टावर ठेवणार नाही."

बोलून गेल्यावर सरांनाच कळलं. ठवकरनं उगीच पेटीचा भाता दाबला. निशी कडुनिंबाखाली बसला होता, गुडघे छातीशी घेऊन. त्यानं मान वर केली नाही.

मी झांज उचलली आणि रेषेवर जाऊन उभा राहिलो.

त्या दिवशी मला जसं बोलता आलं तसं पुढे कधीच आलं नाही. विषय मी सरांचाच घेतला. माणूस मोजायचा कशावरून? टाकलेल्यावरून की चुकलेल्यावरून? देवाच्या दारी हिशेब कशाचा होतो? बोलता बोलता रंग भरला. चाळीसएक माणसं होती, सगळी पुढे सरकून बसली. आणि मग, कीर्तनात बुवा जसा समोर बसलेल्यांतलाच दृष्टांत घेतो, तसा मी घेतला.

"लांब कशाला जायचं?" मी म्हणालो. "आपल्या घरचं लेकरू. शेवटचे चार सेकंद. आपण एका गुणानं मागे. पंचांनी शिट्टी दिली, फाउल, दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर ढाल आपली. लेकरू रेषेवर उभं राहिलं. बॉल तीनदा आपटला." मी झांज तीनदा वाजवली. "पहिला टाकला. रिंगवर फिरला, फिरला, बाहेर."

पुढे बसलेल्यांनी रिंगकडे पाहिलं.

"पुन्हा तीनदा आपटला." पुन्हा झांज. "दुसरा टाकला. रिंगला नाही, बोर्डाला नाही, कशालाच लागला नाही. मंडळी, मी वहीत दोन शून्यं लिहिली तेव्हा माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. आता सांगा, या लेकराला कोणत्या यादीत घालायचं? याला ठेवायचं का काढायचं?"

इथं पूर्वरंग संपतो. प्रश्न तसाच टांगता ठेवायचा असतो. मी गजर धरला, ठवकरनं पेटी दिली, माणसं टाळ्या वाजवू लागली. सर उठले, मला बुक्का लावला, गळ्यात हार घातला. फुटाणे आणि गूळ फिरू लागला. त्या गडबडीत निशी उठला. चप्पल घातली. फाटकाकडे चालू लागला.

मी पाहिलं. हाक मारली नाही.

बुवानं गजर मध्ये तोडून कुणाला हाक मारायची नसते, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. वाटलं, नळावर गेला असेल, येईल. गोष्ट तर त्याच्याचसाठी रचली होती. गजर संपला तरी कडुनिंबाखालची जागा रिकामीच होती. मी एकदा फाटकाकडे पाहिलं. मग समोरच्या चाळीस चेहऱ्यांकडे पाहिलं. आणि आख्यान सुरू केलं.

विल्टचं आख्यान. सात फूट एक इंचाचा माणूस, ज्याला कुणी अडवू शकत नव्हतं, तो रेषेवर आला की मात्र हरायचा. मग त्यानं काय केलं? लाज गिळली. वरून, एका हातानं फेकणं सोडलं. बॉल दोन्ही हातांत धरला, गुडघे वाकवले आणि खालून, ओंजळीतून सोडल्यासारखा सोडला. मी रेषेवर वाकून दाखवलं. "मंडळी, हे काय आहे? हे अर्घ्य आहे. सकाळी आपण सूर्याला देतो ते. ज्याचा 'मी' गेला त्याचीच ओंजळ भरते." मग एका छोट्या गावातला तो शंभराचा सामना. खालून टाकलेल्या बत्तीस फ्री थ्रोंपैकी अठ्ठावीस गेले. त्या ओंजळीनंच त्याला शंभरावर नेलं.

सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळे हात वर गेले. सरांचाही. विल्ट सहाव्यावरून पहिल्या जागी गेला. सरांनी आपल्या हातानं रसेल पुसून एक जागा खाली लिहिला. चोवीस वर्षांत असा बदल झाला नव्हता.

"बुवाजी, आज तुम्ही देवाला खाली आणलं," ठवकर म्हणाला. मग हळूच, "पोरगा गेला वाटते."

"सांगतो त्याला उद्या."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती सोन्याची पानं निवडत होती.

"त्याचं नाव कशाला घेतलं?"

"नाव नाही घेतलं. आणि उत्तररंगात त्याचंच सोनं केलं."

"पण तो होता का तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायच्या निमित्तानं मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, निजलाय. तिसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाली, बाहेर गेलाय. त्याचे बूट दारातच होते. शनिवारी तो मुंबईला गेला. निवड झाली नाही, एवढंच ठवकरला कुठूनतरी कळलं. निशी नागपूरला परत आला नाही. वर्ध्याकडे मामाकडे राहतो, म्हणाले. त्याच्या आईनं मला पाहिलं की ती रस्ता बदलू लागली.

पुढच्या खंडेनवमीला मी रेषेवर उभा राहिलो नाही. त्यानंतरही नाही. सर गेले, ग्राउंडवर वाहनतळ झाला, पाटी ठवकरच्या छापखान्यात मागच्या बाजूला पडली. मला रोज एकच गोष्ट खायची. तो अर्ध्यातून गेला. त्यानं फक्त दोन शून्यं ऐकली, आणि तो प्रश्न. ओंजळ त्यानं ऐकलीच नाही. मी एक हाक मारली असती, 'बैस रे, पुढे तुझ्यासाठी गोष्ट आहे' एवढं म्हटलं असतं, तर? देवापुढे रोज बसायचो आणि रोज तीच हाक मनातल्या मनात मारायचो. अकरा वर्षं.

२००८ साली आर्वीला कीर्तन सप्ताह होता. मी निवृत्त झालेलो, कीर्तन ऐकणं तेवढं सुटलं नव्हतं. दुपारच्या कीर्तनाला तासभर आधीच जाऊन बसलो. मंडपात एक माणूस खांबाला कर्णा बांधत होता. शिडी बाजूला आडवी पडलेली. तो जमिनीवर उभा राहूनच वर तार अडकवत होता.

मी जवळ गेलो. केस विरळ झाले होते, पाठीला पोक आला होता.

"निशी."

त्यानं वळून पाहिलं. ओळखायला वेळ लागला नाही. तारेचा पीळ पुरा केला, पक्कड खिशात ठेवली आणि वाकून पाया पडला.

"बुवाजी. बसा न. कीर्तन ऐकायला आले?"

"तू इथं?"

"स्पीकरचं काम आहे माझं. तालुक्यातले सगळे सप्ते माझ्याकडेच." तो हसला. "तुमच्यामुळे कीर्तनातलं थोडंफार कळते. गजर आला की आवाज वाढवायचा, एवढं समजते."

मी उभ्या उभ्याच बोलत सुटलो. अकरा वर्षं घोकलेलं होतं. म्हटलं, बाबा रे, तू मधूनच गेलास, उत्तररंग तुझ्यासाठीच होता. तुला दुखवायचं नव्हतं, तुझ्या दोन शून्यांवर मला शंभर चढवायचे होते. तू पाच मिनिटं थांबला असतास, तर ऐकलं असतंस की विल्टनं खालून—

"ओंजळीतून," निशी म्हणाला.

मी थांबलो.

"मी गेलो कुठं होतो, बुवाजी? फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभा होतो. समोर बसवत नव्हतं. पण ऐकलं सगळं. अर्घ्यसुद्धा." त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. "आठ दिवस घरामागच्या गल्लीत तेच केलं. दारातून बाहेरच पडलो नाही. खालून, दोन्ही हातांनी. जात होते, बुवाजी. दहातले आठ, नऊ."

"मग मुंबईला?"

"तिथं पहिलेच फ्री थ्रो होते. दहा. मी खालून टाकले."

"किती गेले?"

"नऊ."

"दहातले नऊ?"

"नऊ गेले," तो म्हणाला. "पहिल्यालाच मागची पोरं हसली. चौथ्यापर्यंत सगळं ग्राउंड हसत होतं. निवड करणारे साहेब म्हणाले, तुळशीला पाणी घालायला आला का रे? नऊ जाऊन त्यांनी कागदावर काय लिहिलं, ठाऊक नाही. मग सामना खेळवला. मला फाउल झाला की समोरचे पाच जण हात जोडून उभे राहायचे. मग मी वरून टाकले. दोन टाकले, दोन्ही बाहेर. तेवढ्यावर संपलं."

मंडपात पोरं सतरंज्या झटकत होती. धूळ उडाली. त्यानं रुमालानं आवाजाच्या यंत्राची बटणं पुसली.

"मला एवढ्यात संगणकावर वाचायला मिळालं," तो यंत्राकडे पाहत म्हणाला. "त्या विल्टनंही नंतर तसं टाकणं सोडून दिलं. लोक हसतात म्हणून. खालून टाकताना बायकी वाटते म्हणून. पुन्हा वरून टाकायला लागला, पुन्हा अर्धे बाहेर. मरेपर्यंत त्याला त्याचं वाईट वाटत होतं म्हणे. खरं आहे का?"

"खरं आहे."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

दुमडलेला परिच्छेद माझ्या डोळ्यांसमोर होता. घडी कुठं पडली होती तेसुद्धा.

"होतं," मी म्हणालो.

"मग सांगितलं नाही?"

"आख्यान शंभरावर संपतं, निशी. त्याच्यापुढे... त्याच्यापुढे नसतं नेत."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर मला कुठंतरी धरायला काही सापडलं असतं.

"तेवढं सांगितलं असतं न, बुवाजी," तो म्हणाला, "तर मी तयारीनं गेलो असतो. हसणार हे माहीत असतं तर नऊ पुरले असते. मला वाटलं, लोक रडतील. आपल्या ग्राउंडवर रडले होते न."

"मी त्या दिवशी तुला हाक मारायला..."

"बरं झालं नाही मारली. आत येऊन बसलो असतो तर सगळ्यांसारखं भुलून तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं." तो उठला. "बसा. महाराज आले. पुढे नका बसू, कर्णा कानाशी येते."

महाराज चांगले होते. गोड गळा, वाणी शुद्ध. पूर्वरंगात त्यांनी समोरच्याच एका म्हाताऱ्याचं उदाहरण नाव न घेता घेतलं, घर मोडलेलं, मुलगा दुरावलेला. म्हातारा मान खाली घालून बसला होता. प्रश्न टांगता राहिला. मग गजर सुरू झाला आणि निशीनं आवाज वाढवला. माणसं टाळ्या वाजवत डोलू लागली, बुक्का फिरू लागला.

मी उठलो. चप्पल शोधली. मंडपाच्या तोंडाशी वळून पाहिलं, तर निशी बटणावर हात ठेवून माझ्याकडेच पाहत होता.

त्यानं हाक मारली नाही.